इरावतीबाई कर्वे : मानवशास्त्राच्या अध्यापिका

मराठी ग्रंथालयांतून सतत मागणी असलेल्या पुस्तकांची यादी करावयाची झाली, तर तीत 'युगान्त'चा समावेश करावाच लागेल. कपाटात फारसे न राहणारे, परत येताच दुसऱ्याच्या नावावर जाणारे असे हे पुस्तक आहे. या पुस्तकामुळे आणि 'परिपूर्ती', 'भोवरा', 'गंगाजल' या लेखसंग्रहांमुळे इरावतीबाई कर्वे हे नाव आपल्या वाचकांच्या मनात ललित लेखिका म्हणून रुजले. ते योग्यच आहे. परंतु बाईंचे नित्याचे काम निराळे होते. माणसाच्या हाडांची, रक्ताच्या नात्यांची, जातींची आणि चालीरीतींची शास्त्रीय ओळख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना करून देणे, हा त्यांचा तीस वर्षांहून अधिक काळचा व्यवसाय. त्यांचे इंग्रजी ग्रंथ ग्रंथालयात वेगळ्या विभागात असतात आणि तिकडे सामान्य वाचकाचे पाऊल क्वचितच वळते. ही दोन कपाटे एकाच व्यक्तीची आहेत, एवढे ध्यानी आणून द्यावे, या हेतूने हा परिचय लिहिला आहे.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपणा मंडळींना त्यांच्याविषयी थोडी अधिक जवळीक वाटावी असे एक कारण आहे. त्यांचा जन्म महाराष्ट्रात झाला नाही. १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंग्यान या गावी त्या जन्मल्या. वडील गणेश हरी करमरकर हे तेथे एका कापूस कंपनीत अभियंते होते. त्या देशाची जीवनवाहिनी असलेल्या इरावती नदीचेच नाव मुलीला मिळाले. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास, मुलींच्या हुजूरपागा शाळेत पाठविण्यात आले. तेथे रँग्लर रघुनाथ परांजपे यांच्या कन्या शकुंतला यांच्याशी त्यांची मैत्री झाली आणि परांजप्यांच्या घरीच त्या मुलीसारख्या वाढल्या. फर्गसन महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे ते घर. पुस्तके, वादविवाद आणि कोणतीही गोष्ट तपासून घेण्याची सवय हे तेथील वातावरण होते. १९२६ साली तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या फर्गसनमधून पदवीधर झाल्या.

पुढे दक्षिणा फेलोशिप मिळवून त्या मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकावयास गेल्या. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला हा विभाग घुर्ये यांनी १९२४ पासून सांभाळला होता. १९२८ साली एम. ए.साठी इरावतीबाईंनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे स्वतःचीच जात. आपल्याच घराकडे परक्याच्या नजरेने पाहावयास लावणे, हा मानवशास्त्राचा पहिला धडा. तो त्यांनी येथेच गिरविला, असे म्हणता येईल.

याच सुमारास त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव फर्गसनमध्ये रसायनशास्त्र शिकवीत. पुढे ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवाविवाहाचा आणि स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार हेच ज्यांचे आयुष्य. परंतु आपल्या सुनेने पतीला मागे ठेवून उच्च शिक्षणासाठी परदेशी जावे, हे महर्षींना रुचले नाही. यात विसंगती आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. सुधारकाच्या घरातही सुधारणेला एक उंबरठा असतोच. तो उंबरठा ओलांडण्यास पाठबळ दिले ते पतीने, आणि पैशाची सोय कर्जाऊ केली ती जीवराज मेहता यांनी. हे जीवराजभाई पुढे बडोदे संस्थानचे दिवाण व १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९२८ च्या अखेरीस बाई जर्मनीस रवाना झाल्या.

येथून पुढची दोन वर्षे त्यांच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाची आहेत आणि मराठीत त्यांविषयी फार थोडे लिहिले गेले आहे.

बर्लिनच्या दालेम भागात १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेची एक नवी शाखा स्थापन झाली होती. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र असा तिचा त्रिविध विषय. संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मनांच्या ताब्यातील नैऋत्य आफ्रिकेत रेहोबोथ येथील मिश्रवंशीय लोकांचा अभ्यास करून त्यांनी १९१३ साली ग्रंथ लिहिला होता व वंशमिश्रणाविषयीचे त्यांचे प्रतिकूल मत सर्वश्रुत होते. हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले.

त्या काळी मानवशास्त्राचा प्राथमिक पाठ मोजमापापासून सुरू होई. विद्यार्थ्याच्या हाती प्रथम कंपास येई आणि समोर कवटी. कवटीची लांबी, रुंदी, कपाळाची उंची, नाकाच्या पोकळीची रुंदी अशी मापे घ्यावयाची आणि त्यांतून निर्देशांक काढावयाचे. कवटीची रुंदी तिच्या लांबीच्या शेकडा किती, हा आकडा ७५ हून कमी असेल तर ती दीर्घशिरस्क, ८० हून अधिक असेल तर विस्तृतशिरस्क. शरीररचनेचा विद्यार्थी हीच हाडे शिकतो ती रोग्याच्या उपयोगासाठी. चित्रकार ती शिकतो ती मुखवट्यामागची घडण कळावी म्हणून. मानवशास्त्रज्ञाने मात्र त्या मापांवर मानवजातीची उतरंड रचली. आपल्याकडेही हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींचा उच्चनीच क्रम लावून दाखविण्याचा खटाटोप केला होताच. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या जातिविषयक ग्रंथात त्याची चिकित्सा केली. मापे खोटी होती असे नाही. मापांच्या आधी निष्कर्ष तयार होता, हा दोष होता.

इरावतीबाईंना दिलेला विषय याच जातीचा होता. माणसाच्या कवटीची डावी व उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, हे शरीररचनाशास्त्राला ठाऊक होते. प्रश्न असा होता की, ही असमानता सर्व वंशांत सारखीच असते की काय. युरोपीय गोऱ्या माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग अधिक वाढलेला असतो, म्हणून त्याची कवटी अधिक असमान असते आणि त्याच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व तेथेच आहे, अशी कल्पना फिशर यांच्या वर्तुळात मांडली जात होती. तेविशी-चोविशीतल्या एका हिंदी विद्यार्थिनीने कवट्या मोजून तिला पुरावा मिळवून द्यावा, अशी अपेक्षा.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. हे काम किती कंटाळवाणे आणि किती काळजीचे असते, याची कल्पना यावी म्हणून थोडे सांगितले पाहिजे. कवटीवर प्रथम मध्यरेषा निश्चित करावी लागते. मग त्या रेषेपासून डावीकडच्या व उजवीकडच्या समान बिंदूंची अंतरे घ्यावयाची. डोळ्याच्या खोबणीची कड, गालाच्या हाडाचा उंचवटा, कानामागील हाडाचे टोक अशी एकेक जोडी तपासावयाची. मिलिमीटरचा फरक नोंदवावयाचा. मध्यरेषा किंचित जरी चुकली तरी साऱ्या जोड्या चुकतात आणि नसलेली असमानता दिसू लागते. मोजणाऱ्याच्या मनात काय आहे ते हातात उतरण्याचा धोका येथे सर्वांत मोठा.

त्यांच्या मापांतून निघाले ते असे : असमानता सर्वत्र आहे, पण वंशाशी तिचा काही संबंध दिसत नाही. मानवी कवटीच्या स्वाभाविक असमानतेवरील हा प्रबंध त्यांनी १९३० साली सादर करून डॉक्टरेट मिळविली आणि पुढील वर्षी तो जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. परक्या देशात, परक्या भाषेत, उसन्या पैशावर शिकणारी विद्यार्थिनी. पदवी देणे न देणे ज्यांच्या हाती, त्याच गुरूंच्या लाडक्या कल्पनेला प्रतिकूल आलेला निकाल. तिने तो जसा आला तसा लिहिला. यात कोणतीही घोषणा नाही, वादाचा आवेशही नाही. कोष्टके आहेत.

त्या संस्थेचे पुढे काय झाले, हे आता सर्वज्ञात आहे. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणांना त्या संस्थेने शास्त्राचा मुलामा दिला. १९४२ पासून तिचे संचालक असलेले फेर्शुअर हे आउश्विट्झच्या मेंगेलेचे गुरू. त्या इमारतीच्या परिसरात २०१४ मध्ये खोदकाम चालू असता मानवी हाडे सापडली. नंतरच्या उत्खननात आणखी हजारो तुकडे निघाले आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्यांचे दालेममध्येच दफन करण्यात आले. इरावतीबाई तेथे होत्या तेव्हा हे सारे व्हावयाचे होते. परंतु ज्या संग्रहांवर तेथील विद्यार्थी शिकत, त्यांतील कितीतरी कवट्या वसाहतींतून, त्या माणसांच्या आप्तांना न विचारता आणलेल्या होत्या. मोजणारीला हे जाणवत नसेल, असे वाटत नाही. मात्र प्रबंधात त्याला जागा नव्हती.

परत आल्यावर १९३१ ते १९३६ त्यांनी मुंबईस, सासऱ्यांनीच स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या कारभारात काम केले. हे काम त्यांच्या मनासारखे नव्हते. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पदव्युत्तर संशोधन संस्थेच्या रूपाने पुनरुज्जीवन झाले आणि बाई तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. मृत्यूपर्यंत त्या तेथेच होत्या. पुणे विद्यापीठातील मानवशास्त्र विभागाची उभारणीही त्यांचीच.

मानवशास्त्राच्या आरंभीच्या अभ्यासक्रमात चार अंगे यावीत अशी अमेरिकी विद्यापीठांतील पद्धत : शरीर, संस्कृती, पुरातत्त्व आणि भाषा. डेक्कन कॉलेजात ही चारही अंगे एकाच आवारात नांदत होती. एका खोलीत सु. मं. कत्रे यांचे भाषाशास्त्र, दुसरीत ह. धी. सांकळिया यांचे पुरातत्त्व, आणि तिसरीत इरावतीबाई आपल्या कंपासांसह. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे सांकळियांना सूक्ष्मास्त्रे वापरणाऱ्या अतिप्राचीन लोकांच्या वस्तीत मानवी सांगाडे सापडले, तेव्हा त्यांचा अभ्यास बाईंनी केला आणि दोघांनी मिळून लिहिलेला निबंध १९४९ साली अमेरिकी मानवशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९४७ मध्ये दिल्लीस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते.

बाईंचे शिकविणे चार भिंतींत मावणारे नव्हते. ओरिसापासून केरळापर्यंत त्या हिंडल्या. माणसांची मापे घेतली, रक्तगटांचे नमुने गोळा केले आणि त्याच बैठकीत म्हाताऱ्या बायकांना विचारले की, नवऱ्याच्या बहिणीला तुमच्याकडे काय म्हणतात. या दुसऱ्या प्रश्नातून त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शास्त्रीय ग्रंथ उभा राहिला. भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील हा ग्रंथ १९५३ साली निघाला. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे भाग पाडून प्रत्येक भागात नात्यांचे शब्द आणि लग्नाचे नियम एकमेकांशी कसे बांधलेले असतात, हे त्यांनी त्यात दाखविले.

बेळगावकडच्या वाचकांना याचे मर्म चटकन कळेल. शेजारच्या कन्नड घरात आत्यालाही अत्ते आणि सासूलाही अत्ते. सासऱ्याला मावा, आणि मामाही मावाच. आत्याच्या किंवा मामाच्या घरी मुलगी देणे हा जेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज, तेथे दोन नात्यांना दोन शब्द लागतच नाहीत. उलट ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मंडळींनी शेजारी पाहिले आहे की, उत्तरेत मामाची मुलगी ही बहीणच; एवढेच नव्हे तर कित्येक ठिकाणी गावातली मुलगी गावात देत नाहीत. मुलगी परक्या गावी, परक्या घरात जाते आणि तिच्या माहेरच्या आठवणींची गाणी होतात. महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर. शब्द बहुतांशी उत्तरेचे, परंतु अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न दक्षिणेप्रमाणे. ज्या गोष्टी आपण रोज उच्चारतो त्यांत एवढा इतिहास साठलेला आहे, हे वाचून मन थक्क होते. लुई द्युमाँ यांच्यासारख्या अभ्यासकांनी या ग्रंथावर कठोर टीका केली. परंतु तो टाळून पुढे जाणे कोणाला जमले नाही.

जातींविषयीचा त्यांचा सिद्धांतही मोजपट्टी आणि चौकशी यांच्या जोडीने तयार झाला. घुर्ये यांचे मत असे की, एक मूळ समूह फुटत जाऊन पोटजाती झाल्या. शिष्येने ते मानले नाही. महाराष्ट्रातल्या कुंभारांकडे पाहा : कोणी थोरचाके, कोणी लहानचाके, चाक वेगळे, घडविण्याची रीत वेगळी, रोटीबेटी व्यवहार वेगळा. हे एका झाडाच्या फांद्या नसून निरनिराळे समूह एका धंद्याच्या नावाखाली शेजारी शेजारी आले आहेत, असे बाईंचे म्हणणे. १९६१ च्या हिंदू समाजावरील ग्रंथात त्यांनी हा विचार मांडला. १९६८ मध्ये कैलास मल्होत्रा यांच्या सहकार्याने त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. ज्यांना समाज एकाच पायरीवर बसवितो, ती माणसे शरीरानेही एकाच मुळाची आहेत काय, असा तो प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांच्या सिद्धांताच्या बाजूचे निघाले. गुरूंशी मतभेद दाखविण्याची ही दुसरी वेळ. पण येथे मापांचे उत्तर त्यांना स्वतःला हवे तेच होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

आणि येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. बर्लिनमधील निष्कर्ष बाईंनी नाकारला, पण बर्लिनची पद्धत त्यांनी पूर्णपणे कधीच टाकली नाही. समाजाचे कोडे शरीराच्या मापांतून उकलेल, हा विश्वास त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत आढळतो. जगातील मानवशास्त्र तोवर त्या वाटेवरून बरेच दूर गेले होते. हिंदू समाजाकडे पाहताना संस्कृत ग्रंथांचे वजन त्यांच्या तराजूत जास्त पडते, हा आक्षेपही खोटा नाही. त्यांच्याविषयीचा आदर कमी न होता हे म्हणता येते.

याच बाई पंढरीच्या वाटेवर भेटतात तेव्हा मात्र कंपास घरी राहिलेला असतो. वारीवरील त्यांचा 'वाटचाल' हा लेख अनेकांनी वाचला असेल. १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी रूपही प्रसिद्ध झाले. दिंडीत ब्राह्मण व मराठे बरोबर चालतात, एकच अभंग म्हणतात आणि जेवावयास वेगळे बसतात. बाईंना याचे रोज दुःख होई. त्या मराठा बायांच्या पंगतीत जाऊन जेवल्या, आणि त्यानंतर त्या बाया त्यांच्याशी मोकळेपणी बोलू लागल्या, एवढे त्यांनी नोंदविले आहे. एका जेवणाने किती अंतर कमी होते, हेही एक मापच. फक्त त्याचे कोष्टक होत नाही. 'परिपूर्ती' या लेखातील गंमत याहून हळुवार आहे. सभेत त्यांची ओळख थोरांची सून, विद्वानाची पत्नी अशी करून दिली जाते, तरी काहीतरी राहिल्यासारखे वाटते. मग रस्त्यावर मुले त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात आणि उणीव भरून निघते. आप्तसंबंधांच्या अभ्यासिकेने स्वतःवरच केलेला हा प्रयोग.

ग्रंथांच्या पसाऱ्यातही त्यांचे घर हसतेखेळते होते. मुले आईवडिलांना नावाने हाक मारीत, आणि पुण्यात स्त्रीने स्कूटर चालविणे हे नवल होते तेव्हा बाई लँब्रेटावरून फिरत. कन्यांपैकी जाई निंबकर आणि गौरी देशपांडे यांनी लेखिका म्हणून स्वतंत्र स्थान मिळविले.

'युगान्त' १९६७ साली प्रसिद्ध झाले व १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती नुकतीच, १९६६ साली, पूर्ण केली होती. बाईंचा आधार तीच. मागाहून चिकटलेले चमत्कार बाजूला सारून त्यांनी भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांना सासर-माहेर, वारसा आणि वैर यांच्या जाळ्यात उभे केले. हे पुस्तक कलाकृती म्हणून वाचले जाते आणि तसे ते आहेच. परंतु त्याच्या पानोपानी वर्गात शिकविणारी अध्यापिका आहे. 'मयसभा' या प्रकरणात तर ती उघडच समोर येते. खांडववन जाळून अर्जुन-कृष्णांनी पांडवांसाठी भूमी मोकळी केली, हा भाग आपण बालपणापासून पराक्रम म्हणून ऐकला आहे. त्या वनात कोणी राहत होते, पळणाऱ्यांनाही मारून पुन्हा आगीत लोटले गेले, आणि नवी राजधानी त्या राखेवर उभी राहिली, याकडे बाई वाचकाची मान वळवितात.

हे प्रकरण लिहिणाऱ्या बाईंना विस्थापन केवळ पोथीतून ठाऊक नव्हते. कोयना धरणामुळे उठविलेल्या गावांची पाहणी डेक्कन कॉलेजतर्फे त्यांनी केली. कन्या जाई निंबकर यांच्यासह लिहिलेला तिचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. जमीन मिळाली का, मिळाली ती पिकते का, पाणी किती लांब, जुने शेजारी सोबत राहिले की पांगले, लेकी दिल्या ती गावे आता किती दूर पडली, असे प्रश्न घेऊन ही पाहणी घरोघर फिरली. पुनर्वसनाची आखणी आधी झाली नाही आणि माणसे मात्र आधी उठविली गेली, असे चित्र त्यातून उभे राहते. देशातील मोठ्या धरणांच्या विस्थापितांविषयी असा तपशीलवार अभ्यास तोवर फारसा कोणी केलेला नव्हता.

११ ऑगस्ट १९७० रोजी झोपेतच हृदयक्रिया बंद पडून इरावतीबाईंचे निधन झाले. वय चौसष्ट. 'गंगाजल' हा संग्रह त्यांच्या पश्चात १९७२ साली वाचकांच्या हाती आला.